सिद्धूचे दुसरे पेढे

इंदापूरच्या बाजारात सिद्धूशी सौदा करायचा तर घरून जेवून निघावं, असं व्यापारी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. बोकडाचे दात बघायचे, पाठीवर थाप मारायची, मग खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवायचा. वर तोंडानं ऊसपाण्याच्या गप्पा आणि खाली टॉवेलात रणधुमाळी. समोरच्याला घाम फुटे, पण सिद्धूच्या तोंडावरची माशी हलत नसे. आज्यानं मेंढरं राखली, बापानं थोडी मेंढरं आणि थोडी शेती केली, आणि सिद्धूनं शेळ्या-बोकडांचं घेणं-देणं धरलं. मागितलेली किंमत पुरती देणं हा त्याच्या लेखी निव्वळ बावळटपणा. हॉटेलात गेला तरी दोन चहात तिघांना पाजायचा.

त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा मात्र बोकडाचा नव्हता, बँकेचा होता. एका साली शेळ्यांत रोग आला आणि मोटारसायकलचे हप्ते थकले. इंदापूरच्या एका बँकेचा वसुलीसाहेब घरी आला. एकोणीस हजार राहिले होते. सिद्धूनं त्याला घोंगडीवर बसवलं, चहा पाजला, बायकोची ओळख करून दिली, मेलेल्या शेळ्यांची नावं एकेक करून सांगितली. दिवस मावळेपर्यंत साहेब अकरा हजारांवर आला. तडजोड झाली, बँकेनं तसं लिहून दिलं आणि सिद्धूनं गावभर पेढे वाटले.

"बँकेला आठ हजाराला चितपट केली!" हे तो बिरोबाच्या देवळापुढं इतक्या वेळा सांगे, की दर जत्रेला त्या आठ हजारांत थोडी भरच पडत गेली. त्याची बायको बानूबाई तेवढी पेढा खाताना म्हणाली होती, "गोड हाय, पन घशाखाली उतरंना." तिच्याकडं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

पुढं धंदा वाढला. बोकडं कधी बारामतीला, कधी भिगवणला न्यायची आणि त्यासाठी झुंबरचा पिकअप भाड्यानं घ्यायचा. भाडं नफा खायचं, ते एक वेळ सोसलं असतं. पण एका दुपारी भिगवणच्या फाट्यावर झुंबरला मासळीचं जास्त भाडं मिळालं आणि त्यानं सिद्धूची बोकडं रस्त्याकडंला उतरवून दिली. भर उन्हात सिद्धू आणि बानूबाई दोऱ्या धरून उभे. येणारे-जाणारे ट्रकवाले हसत होते. बानूबाईनं नुसता पदर कपाळावर ओढला. ते सिद्धूच्या जिव्हारी लागलं. त्याच जागी त्यानं ठरवलं, आता स्वतःचा पिकअप घ्यायचा आणि त्यात पुढच्या शिटावर हिला बसवायचं.

बारामतीच्या एका बँकेत इंद्रजित नावाचे साहेब कर्जाचं काम बघत. इंदापूरकडच्याच शेतकरी घरचा माणूस, बोलायला मोकळा. त्यांनी संगणकात बघितलं आणि मान हलवली. "सिद्धूराव, तुमचा सिबिल स्कोअर कमी आहे. कर्ज बसत नाही."

एका दुकानात नाही पटलं तर पुढच्या दुकानात जावं, हा बाजारचा शिरस्ता. सिद्धूनं बारामती आणि इंदापुरातली एक बँक सोडली नाही. सगळीकडं अर्ज टाकला. सगळीकडं नन्नाचा पाढा. शेवटी फिरून इंद्रजित साहेबांच्याच टेबलाशी आला, या खेपेला बानूबाईला घेऊन. साहेबांनी पुन्हा बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, मागच्यापेक्षा अजून खाली गेला की! किती ठिकाणी अर्ज केलेत?"

"भाव काढत हुतो."

"प्रत्येक अर्जाला ती बँक तुमचा स्कोअर तपासते, आणि त्याची नोंद राहते. सगळीकडं हात पसरणारा माणूस अडचणीत दिसतो. तुम्ही बोकड घेताना काय बघता?"

"दात."

"का?"

"मालक कायबी सांगंल, दात खोटं बोलत न्हाईत."

"तसे हे तुमचे दात आहेत. तीनशेपासून नऊशेपर्यंत मोजतात. साडेसातशेच्या वर असला की बँक आनंदानं देते. हप्ते तारखेला भरले की वाढतो, चुकले की पडतो. आणि हे बघा, इथं काय दिसतंय. मोटारसायकलचं कर्ज, तडजोड."

सिद्धूची छाती फुगली. "व्हय तर! आठ हजार सोडाय लावलं."

"त्याच आठ हजारांनी तुमचा पिकअप अडवलाय," साहेब म्हणाले. "कर्ज फिटलं असं नाही लिहिलेलं. पुरतं दिलं नाही, असं लिहिलंय."

सिद्धूचं तोंड एवढंसं झालं. ज्या गोष्टीवर अख्खी हयात मिशीला पीळ दिला, तीच पायात आडवी आलेली. साहेबांनी वाट सांगितली: जुन्या बँकेत जायचं, राहिलेलं भरायचं, काही बाकी नाही असा दाखला घ्यायचा आणि नोंद बदलून घ्यायची. मग एखादं लहान कर्ज घेऊन तारखेला फेडायचं, आणि तोवर कुठं अर्ज टाकत फिरायचं नाही. लगेच जादू होणार नाही, पण होईल.

रात्री ताटावरनं उठता उठता सिद्धू म्हणाला, "सोडल्यालं पैसं परत द्यायाचं? बाजारात त्वांड कसं दावू?"

"सोडल्यालं न्हाय ते, ऱ्हायल्यालं हाय," बानूबाई म्हणाली. "अन् फाट्यावर उभं ऱ्हाताना त्वांड दावलंच की."

इंदापूरच्या बँकेतला नवा मॅनेजर तर चक्रावूनच गेला. माफ केलेलं परत भरायला आलेला माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता. वरच्या कचेरीला विचारून त्यानं आठ हजार भरून घ्यायचं ठरवलं. सिद्धूनं नोटा काढल्या. सवयीनं हात खांद्यावरच्या टॉवेलाकडं गेला. "सात घ्या की सायेब, गरिबाला..." एवढं म्हणेपर्यंत बानूबाईनं टेबलाखाली त्याच्या पायावर असा पाय दिला, की पुढचं वाक्य गिळूनच टाकावं लागलं. जन्मात पहिल्यांदा सिद्धूनं पुरती किंमत मोजली. बाहेर आल्यावर खिसा हलका झाला होता, आणि गंमत म्हणजे जीवही जरा हलका वाटला. त्या दिवशी हॉटेलात त्यानं दोघांसाठी दोन चहा सांगितले. हॉटेलवाल्यानं तब्येत विचारली.

मग लहान कर्ज. बानूबाईनं गळ्यातली बोरमाळ काढून सोनेतारणाला दिली. सिद्धू नको नको म्हणत होता. लेकीबाळींच्या लग्नाच्या खर्चालासुद्धा तिनं ती उतरवली नव्हती. "पिकअप आला की घालीन," ती म्हणाली, "पन एक हप्ता चुकला तर बगा." मग काय बिशाद चुकायची! हप्त्याच्या आदल्या दिवशीच सिद्धू बँकेच्या पायरीवर हजर. बाजारात एखाद्याचा बोकड पडेल भावात मिळत असला तरी हप्त्याच्या पैशाला हात लावला नाही. तिचा मोकळा गळा दिसला की त्याला कसंतरी व्हायचं आणि हात आपोआप आखडायचा. साल उलटलं, वर आणखी काही महिने गेले. बोरमाळ सुटली, पण बानूबाईनं ती डब्यातच ठेवली.

इंद्रजित साहेबांनी संगणकात बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "सातशे बासष्ट! सिद्धूराव, पक्के दात आले की!" त्यांनी कर्जाचा व्याजदर सांगितला.

सिद्धूनं एकवार बायकोकडं पाहिलं. मग सावकाश खांद्यावरचा टॉवेल काढून साहेबांच्या टेबलावर पसरला. अख्खी बँक बघायला लागली. साहेब जरा घुटमळले, मग हसून त्यांनी हात टॉवेलाखाली घातला. वर उसाच्या तोडीच्या गप्पा झाल्या. खाली बोटं दाबली गेली.

"पाव टक्का," साहेब म्हणाले. "या स्कोअरला तेवढं कमी करायला जागा आहे. हे सोडणं नाही हां, हा तुमचा हक्क आहे."

पिकअप बिरोबाच्या देवळापुढं उभा राहिला तेव्हा भंडाऱ्यानं पिवळा झाला होता. पुढच्या शिटावर बानूबाई, गळ्यात बोरमाळ. सिद्धू पेढे वाटत होता. गर्दीत झुंबरही आला होता. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि डोळा मिचकावून विचारलं, "ह्या टायमाला बँकेला कितीला चितपट केली, सिद्ध्या?"

"एक पैसा न्हाय," सिद्धू अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडला. "पुरतं दिलं! म्हनून तर पेढं हायती."

बानूबाईनं खिडकीतनं हात बाहेर काढला आणि आणखी एक पेढा मागितला.