परराष्ट्र सरांची बाजू

भांडण ऐकताना परराष्ट्र सर डोळे मिटून घेत. एस.टी.त खिडकीच्या जागेवरून दोघांची जुंपली किंवा कॉलेजात दोन प्राध्यापकांचं वाजलं, की यांचे डोळे मिटलेच. नवख्याला वाटे, सरांना डुलकी लागली. "तोंडं बघितली की एकाची बाजू घ्यावीशी वाटते," ते म्हणत, "आणि एकदा घेतली की दुसऱ्याचं ऐकू येत नाही." यावर त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आतून ओरडत, "माझं ऐकतानाही मिटतात! तिथे कुठली आलीय दुसरी बाजू?"

सर राहायला पोलादपूरला आणि नोकरीला महाडच्या कॉलेजात. राज्यशास्त्र शिकवत, पण त्यातला आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एवढं लांबलचक नाव गावाच्या तोंडात बसेना, म्हणून कंडक्टरपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी त्यांना 'परराष्ट्र सर' करून टाकलं. हा पेपर घेणारे आम्ही सगळे एका बाकावर मावत होतो. बाकीची पोरं शहाणी होती, त्यांनी बी.एड.ला उपयोगी पडतील असे विषय घेतले होते.

वर्गात त्यांची एक रीत होती. ज्याला जो देश प्रिय, त्याला त्याच्या शत्रूची बाजू मांडायला लावायची. तीही अशी, की शत्रूने मान डोलावून म्हणावं, बरोबर, आमचं म्हणणं हेच आहे. मी तावातावाने आपल्या देशाचं बोलायला उठलो की ते म्हणत, "बस. ते तुला येतंच. समोरच्याचं सांग." आणि तडजोडीपर्यंत गाडी आली की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा: "आता हा माणूस घरी जाऊन काय सांगणार?" ज्याला घरी सांगायला काहीच उरत नाही, तो आज सही करतो आणि उद्या करार मोडतो, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही पुढे काय करणार, याची काळजी आमच्यापेक्षा त्यांना जास्त. "राजदूत होणं एवढा एकच रस्ता असता, तर मी हा विषय शिकवलाच नसता," असं म्हणून ते फळ्यावर रस्ते काढत सुटत. परराष्ट्र खात्याची परीक्षा, वर्तमानपत्रात परदेशी बातम्यांचं काम, रेडिओ, दुभाषे, निर्यातीच्या कचेऱ्या, जहाज कंपन्या. एकदा आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, यातलं महाडात काय मिळतं?"

"महाडात मी मिळतो," सर म्हणाले. "बाकीचं बाहेर."

मी त्या फळ्यावर विश्वास ठेवला. मुंबईत काकाच्या खोलीवर राहून याच विषयात एम.ए. केलं, परराष्ट्र खात्याच्या परीक्षेला बसलो, सपशेल आपटलो आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत परत आलो. शेतावर राबणाऱ्या बाबांनी पुष्कळ दिवस धीर धरला. मग एकदा म्हणाले, "एवढं शिकून तू करतोस काय, ते तरी सांग. लोक इचारतात रे. मला नाय सांगता येत." त्यांनी ओळखीने पोलादपूरच्या सोसायटीत कारकुनाची जागा धरून ठेवली होती. शिमगा झाला की मी तिथे चिकटायचं ठरलं.

मी सरांकडे जाऊन माझं गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "तुमच्या गावाने मला पालखीसाठी बोलावलंय. तूही ये."

आमच्या गावात वरची वाडी आणि खालची वाडी. शिमग्याला देवीची पालखी आधी कोणाकडे जायची, यावरून वितुष्ट आलं होतं आणि पालखी देवळातच अडकून पडली होती. आम्ही वरचे. बाबा आमच्यातले मानकरी. देवळासमोर सगळे जमले. सर मध्ये बसले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"खालच्या वाडीचं म्हणणं तू सांग."

समोर बाबा बसलेले. पण सवय कामाला आली. मी बोलत गेलो: देऊळ बांधताना दगड खालच्यांनी वाहिले, घाटातून येणारी पालखी पूर्वी त्यांच्याच ओढ्यावर विसावायची, आणि दोन वाड्यांत सोयरीक झाली तरी मानाच्या वेळी त्यांना मागे उभं करतात. खालच्या वाडीतली एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "गो बाय! आमचंच म्हननं बोलला पोरगा." मग सरांनी खालच्या वाडीच्या एका पोराला आमचं म्हणणं सांगायला लावलं. तो अडखळला, पण बोलला. सरांचे डोळे मिटलेलेच होते. शेवटी त्यांनी दोन्हीकडच्या मानकऱ्यांना विचारलं, "घरी जाऊन काय सांगणार?"

बराच काथ्याकूट झाला. ठरलं असं, की पालखी पहिली उचलायची वरच्यांनी आणि देवीची पहिली ओटी भरायची खालच्यांच्या दारात. पहिला मान आपलाच, असं दोघांनाही घरी सांगता येणार होतं.

परतताना बाबा ओढ्यापर्यंत आमच्या पुढे पुढे चालत होते. मी मनाची तयारी केली होती. ओढा ओलांडल्यावर ते सरांना म्हणाले, "माझ्या देखत त्यांची बाजू मांडली यानं. राग आला. पन सर, मलापन ती खरी वाटली." आणि थांबून, "याचं शिक्षन म्हंजे हेच काय? मग लोकांना सांगू काय मी?"

"सांगा, भांडणं मिटवतो," सर म्हणाले.

सोसायटीची जागा दुसऱ्याला गेली. सरांच्या फळ्यावरच्या शेवटच्या रस्त्याने मी मुंबईत एका जहाज कंपनीत लागलो. परक्या बंदरात खलाशी आणि कप्तान यांचं बिनसलं की मला पाठवत. पुढे परदेशवाऱ्या नेहमीच्याच झाल्या.

शेवटी भेटलो तेव्हा सर अंथरुणाला खिळलेले होते. म्हणाले, "आता माझं एक भांडण आहे. तुम्हा पोरांना मी बाहेरच्या रस्त्याला लावलं. माझ्याविरुद्ध बाजू मांड."

"नको, सर."

"समोरच्याचं सांग."

मग सांगितलं. बाबा गेले तेव्हा मी कुठल्याशा बंदरात होतो. शिकलेला एकही जण वाडीत राहिला नाही. मुंबईची माणसं येईपर्यंत पालखी खांद्यांसाठी खोळंबते. सरांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "बरोबर," ते म्हणाले. "म्हणणं हेच आहे. आता माझी बाजू मांड."

"सर, तुमची बाजू..." एवढंच म्हणून मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागलो. सरांनी डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाले. "तुझी गाडी चुकेल. पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला घरात काकू एकट्याच होत्या.

सर, तुमची बाजू अशी. पालखी अजून आम्हीच उचलतो आणि पहिली ओटी खालच्यांकडेच भरतात. बाबा शेवटपर्यंत ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पोरगा भांडनं मिटवतो. आमचं पन त्यानंच मिटवलं." ते खोटं होतं, मिटवलं तुम्ही. पण माझ्या बाबांकडे लोकांना सांगायला काहीतरी होतं.