कुंदा रडली नाही तो वाढदिवस

पुढचं सगळं असंच घडलं, याची हमी मी देत नाही. सालं तर विचारूच नका. केक आधी की कोंबडा आधी, यावर आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत. असे किस्से परसातल्या नारळाच्या सोडणांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण बघावं तेव्हा ढीग!

मी मालवणात हायस्कूलमध्ये शिकवत असे. एम.ए., तर्कशास्त्र. बालमानसशास्त्रावरची दोन जाड इंग्रजी पुस्तकं वाचून, मुलीचा वाढदिवस 'पार्टी' देऊनच झाला पाहिजे असं मी ठरवलं. माझी आई म्हणाली, "ओवाळूचा, खीर खावची, झाला!" पण आईला इंग्रजी कुठे येत होतं! पार्ट्या सुरू झाल्या आणि दर पार्टीला कुंदा रडू लागली. शेवटी, एक वाढदिवस तिच्या रडण्यावाचून पार पडावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली.

* * *

पाचव्या वाढदिवसाला बारा मुलांना बोलावलं. चाळीस माणसं आली.

"बोलावणं मुलांना होतं हो," मी चाचरत म्हटलं.

"मगे त्यांका घेवन येतलो कोण?" शेजारचे तात्या कडाडले.

तात्या ब्रह्मचारी होते. लाडू संपले, कुंदाच्या वाट्याचा धरून.

* * *

मुंबईहून मेहुण्याने बोटीने केक पाठवला. बोट खोल पाण्यात थांबे. तिथून माणसं आणि सामान पडावात घालून किनाऱ्याला आणत. केकही तसाच आला, वाटेत लाटा खात. पुस्तकात मेणबत्त्यांबद्दल होतं, लाटांबद्दल नव्हतं.

कुंदाने पहिला घास थुंकला आणि भोकाड पसरलं. तात्यांनी दोन तुकडे संपवले. "बरो आसा. मीठ जरा चडला, इतक्याच!"

* * *

देवबागच्या एका पालकांनी भेट म्हणून जिवंत कोंबडा आणला. कुंदा हरखली. त्याचं नाव 'राजा' ठेवून दुपारभर त्याला मांडीवर घेऊन बसली. माझ्या मनात आलं, जमलं! संध्याकाळी ते गृहस्थ स्वयंपाकघरात डोकावले आणि म्हणाले, "मास्तरानूं, अजून कापूक नाय? मगे वडे कित्याबरोबर खातले?"

* * *

संगीत खुर्ची! पुस्तकातला खात्रीचा खेळ. मी पेटीवर. तात्या आधीपासून एका खुर्चीत बसलेले; वडीलधारे, त्यांना उठवणार कोण? दर फेरीला एक खुर्ची काढत गेलो. शेवटी एकच उरली. तिच्यात तात्या, समोर कुंदा.

"तात्या, आता उठा ना."

"मी कित्याक उठू? मी हरलंय खंय?"

बक्षिसाचा रंगीत पेन्सिलींचा डबा ते घेऊन गेले.

* * *

नवव्या वाढदिवसाचं मात्र मी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलं. नाताळच्या सुट्टीत, दुपारी चार वाजता. चार वाजले, पाच वाजले, साडेपाच झाले. एकही मूल आलं नाही! सहामाहीत कोणाकोणाला नापास केलं, ते मी आठवू लागलो. कुंदा मात्र ओवाळून घेऊन, खीर खाऊन आजीच्या मांडीवर लोळत होती. दिवसभर एकदाही रडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला भांडं फाटकाबाहेर ठेवून, हात जोडून, लांबूनच पळू लागला. माझी गावात काय किंमत उरली, ते मला कळलं. बदलीच्या अर्जाचा मी कच्चा मसुदाही केला.

पुढे कित्येक वर्षांनी कट्टा गावच्या एस.टी. स्टँडवर सुशीला भेटली, त्या वाढदिवसानंतर लगेच मालवण सोडून गेलेली कुंदाची वर्गमैत्रीण. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "सर, तोंडार वण रवले नाय, ता बरा झाला!"

"कसले वण?"

"देवीचे! कुंदा घराघरात येवन सांगान गेली ना, बाबांका देवी इल्यो, वाढदिवसाक कोण येव नकात म्हणान!"

माझा विश्वास बसला नाही. रीतसर खात्री करावी म्हणून कुंदाला विचारलं. ती तेव्हा स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाचे फुगे फुगवत होती.

"खरं आहे," ती म्हणाली. "आधी कांजण्या सांगितल्या होत्या, बाबा. पण पहिल्याच घरी वत्सू म्हणाली, 'माका होवन गेल्यो, मी येतंय!' मग तिथल्या तिथे देवी केल्या."