काउंटरमागचं मरण

त्या खेळण्यांच्या दुकानात बंदूक पारखून घ्यायची एक ठरलेली रीत होती. पोराने बंदूक हातात घ्यायची, घोडा मागे ओढायचा, काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या दुकानदारावर नेम धरायचा आणि चाप दाबायचा. टिकली फाटकन वाजायची, जळक्या वासाचा धूर निघायचा आणि दुकानदार मरायचा. तो मेला की बंदूक चांगली आहे असं समजायचं आणि बांधून घ्यायची.

मरण्यात त्याने कधी काटकसर केली नाही. छातीवर हात, डोळे पांढरे, मागच्या फळीचा आधार घेत अर्धवट गिरकी आणि मग काउंटरमागे धप्पकन. गिऱ्हाईक फारच लहान असेल तर शेवटचे दोन शब्दही असायचे, "आईला सांगा…" आणि पुढचं राहून जायचं. काय सांगायचं ते कुणालाच कधी कळलं नाही. पोरं टाचा उंचावून काउंटरवरून खाली डोकावायची, खात्री करून घ्यायची आणि विजयी मुद्रेने घरी जायची. आजूबाजूच्या गल्ल्यांत त्यांना सगळे मरणारे काका म्हणत. "मरणारे काका आहेत का घरी?" असं कुणी दारात येऊन विचारलं की त्यांच्या बायकोच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण ती बाई खमकी होती. दुपारचा डबा घेऊन ती दुकानात यायची आणि नवरा जमिनीवर पसरलेला दिसला की त्याच्या पायांना वळसा घालून डबा स्टुलावर ठेवायची. म्हणायची, "झालं मरून? उठा आता, जेवण गार होतंय."

ही कला काकांनी दुकानात शिकली नव्हती. लहानपणी त्यांच्या घरात सहा भावंडं होती आणि बंदूक एकही नव्हती. ज्याच्याकडे बंदूक नाही त्याने मरायचं, हा गल्लीतल्या लढाईचा साधा नियम होता. बाकीची पोरं मरायला कुरकुर करायची. गोळी लागलीच नाही म्हणून भांडायची, हमरीतुमरीवर यायची. हा पोरगा मात्र पहिल्याच आवाजाला इतका झोकात मरायचा की दोन्ही बाजू त्याला आपल्यासमोर शत्रू म्हणून मागू लागल्या. बंदूक चालवायला मिळावी ही हौस मात्र राहूनच गेली. मोठेपणी त्यांनी खेळण्यांचं दुकान काढलं आणि समोरचा, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवरचा अख्खा कप्पा बंदुकांना दिला. पत्र्याच्या, लाकडी मुठीच्या, बुचाच्या, चाप ओढला की पोटातल्या लाल काचेमागे ठिणग्या उडणाऱ्या. त्यांच्या बाजूला टिकल्यांच्या लाल डब्या. आता त्यांना हव्या तेवढ्या बंदुका चालवता आल्या असत्या. पण तोवर मरायची सवय लागली होती.

काकांना एकच मुलगी. ती चार वर्षांची असताना आईचं बोट धरून पहिल्यांदा दुकानात आली, नेमकी टिकली वाजण्याच्या वेळी. बाबा पडलेले तिने पाहिले. बंदूक घेणारा पोरगा काउंटरवरून डोकावत होता, तेव्हा त्याचा हिरमोड नको म्हणून काका जरा जास्तच वेळ मेलेले राहिले. पोरगी रडून रडून निळी पडली. काका उठले, तिला खांद्यावर घेतलं, गुदगुल्या केल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून तिने स्वतःपुरता एक नियम केला. आवाज झाला की पाठ फिरवायची आणि बाबा उठेपर्यंत वळून बघायचं नाही. शाळा सुटल्यावर दुकानात बसायला लागली, पुढे कारभार हातात घेतला, तरी नियम मोडला नाही. मागे बाप धारातीर्थी पडलेला असायचा आणि ही समोर बघत पेन्सिलींच्या जुड्या बांधत असायची.

काळ बदलतो तो आधी फळीवर दिसतो. बंदुका समोरच्या कप्प्यातून बाजूच्या कप्प्यात गेल्या, बाजूच्या कप्प्यातून वर गेल्या आणि शेवटी शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी जाऊन बसल्या. शाळांनी बंदुका आणायला बंदी केली. आया पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवून त्या कप्प्यासमोरून पुढे सरकायला लागल्या. ज्यांना गोळ्या झाडायच्याच होत्या ती पोरं फोनवर झाडत होती, आणि तिथे मरणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. माल आणून देणाऱ्याने हात वर केले. "काका, टिकल्या बनवणारा कारखानाच बंद पडला. आता ठोकळे घ्या, कोडी घ्या. डोक्याचा खेळ चालतो हल्ली."

काकांनी ठोकळे घेतले. पण ठोकळ्यांना मरून दाखवता येत नाही.

बायको मधल्या काळात गेली. कसलाही गाजावाजा न करता, झोपेत, एकदाच. काका बरेच दिवस सुन्न होते. दुपारी स्टुलाकडे बघत बसायचे.

बाप आणि लेक यांच्यात वाद उरला होता तो फक्त त्या वरच्या कप्प्याचा. तिला तो मोकळा हवा होता, त्यांना तो तसाच हवा होता.

"बाबा, धूळ बसलीय नुसती. कोण घेतंय?"

"घेईल कुणीतरी."

"कधी?"

"अगं, आपलं काय अडलंय त्यांच्यावाचून?"

"जागा अडलीय!"

मुलीचं चूक होतं असं त्यांनाही म्हणता येत नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी बंदुकीशिवाय मोठं व्हावं हे चांगलंच, असं ते इतरांना सांगतही. पण तो कप्पा गेला की आपलं दुकानात काम काय, हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं.

एकदा काका दात दाखवायला दवाखान्यात गेले असताना तिने संधी साधली. परत आले तेव्हा वर काचेच्या डब्यांत रंगीत खडे होते. बंदुका भंगारवाल्याकडे. काकांनी मान वर करून पाहिलं, बधिर झालेल्या गालाने काहीतरी पुटपुटले आणि तिच्याशी बोलणं बंद केलं. घरी आणि दुकानातही. "मीठ दे" एवढंही म्हणत नव्हते, अळणी जेवत होते. ती मनातून चरकली होती, पण माघार घेणं तिच्याही रक्तात नव्हतं.

अबोला चालूच होता. एका सकाळी ती शिडीवर चढून त्याच वरच्या कप्प्यात डबे लावत होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागे काउंटरपलीकडे धप्पकन आवाज झाला. अंगवळणी पडलेला आवाज. तिने सवयीने मान आणखी समोर वळवली आणि पुढचा डबा उचलला.

मग तिला समोरचा कप्पा दिसला. त्यात बंदूक नव्हती. दुकानात कुठेच नव्हती. आणि पडण्याआधी टिकली वाजलीच नव्हती.

तिच्या हातातला डबा सुटला, खडे दुकानभर उडाले. शिडीवरून ती कशी उतरली हे तिला पुढे कधी आठवलं नाही. काका काउंटरमागे पालथे पडले होते, अगदी वेडेवाकडे. नाटकातलं मरण ते कधीच इतकं वाईट करत नसत. तिने हाका मारल्या, शेजारचा चष्मेवाला धावत आला, दोघांनी मिळून त्यांना उचललं. हृदयाचा झटका होता. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

ती बाकावर बसून राहिली. कप्प्यात बंदुका असत्या तर आपण पुढचा डबा लावला असता, त्याच्या पुढचाही लावला असता, हे तिला स्वच्छ दिसत होतं. कुणाला सांगावं असं मात्र तिला वाटलं नाही.

काका शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते तिच्याशीच. "टिकली न वाजताच पडलो, नाही?"

"हो," ती म्हणाली आणि रडायला लागली, चार वर्षांची असताना रडली होती तशी.

काका पुन्हा दुकानात बसायला लागले. वरच्या कप्प्याकडे त्यांनी बघायचं सोडलं. एका संध्याकाळी एक माणूस छोट्या मुलीला घेऊन आला. पोट सुटलेला, टक्कल पडत आलेला. त्याने टिकलीची बंदूक मागितली.

"नाही मिळत आता," काका म्हणाले.

माणसाचा चेहरा पडला. "काका, मी एवढा होतो तेव्हा तुम्ही माझ्या हातून मेला होतात. हिला सांगितलं तर हिचा विश्वास बसत नाही."

मुलगी काकांकडे संशयाने बघत होती. माणूस जरा लाजला, इकडेतिकडे पाहिलं, मग दोन बोटं काकांवर रोखली आणि हळूच म्हणाला, "ठो."

काकांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. ती पलीकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाला रंगपेटी दाखवत होती.

"अगं, खोटं आहे हं," ते मोठ्याने म्हणाले.

मग छातीवर हात ठेवला. गिरकी डॉक्टरांनी बंद केली होती, म्हणून काउंटरची कड धरून सावकाश, एकेक गुडघा टेकत ते खाली गेले आणि आडवे झाले. "आईला सांगा…" एवढं ऐकू आलं.

लहान मुलगी टाचा उंचावून डोकावली. लेकीने रंगपेटी गिऱ्हाइकाच्या हातात तशीच सोडली आणि काउंटरला वळसा घालून आली. पाठ फिरवली नाही. बापाच्या पोटावर नजर लावून, ते वरखाली होतंय ना ते बघत, ती उभी राहिली. काका नेहमीपेक्षा जास्त वेळ मेलेले राहिले. ती हलली नाही.

शेवटी ती म्हणाली, "झालं मरून? उठा आता, जेवण गार होतंय."