पंचशीलाबाईंनी खोडलेलं नाव

लातूर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, साहेबलोकांना नव्या खुर्च्या आल्या. पाऊस तेवढा आला न्हाई. पुढच्या उन्हाळ्यात जळकोटच्या विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला.

त्या सकाळी पंचशीलाबाई नववीला उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांचा धडा शिकवत होत्या. इतिहास म्हटलं की बाईंच्या अंगातच यायचं.

"फ्रान्सवाले त्यांना म्हणायचे उत्तरेची माणसं. इंग्लंडात सरसकट सगळे डेन, मग तो नॉर्वेचा का असंना! आयर्लंडात नुसतेच परके. पूर्वेकडं रुस, म्हणजे बहुतेक वल्ही मारणारे. जर्मन मुलुखात अ‍ॅश झाडाची माणसं. का, तर होड्या त्या लाकडाच्या म्हणे. आन् व्हायकिंग हे तर कामाचं नाव, दर्यावर लुटायला जायचं. त्यांच्या बोलीत 'विक' म्हणजे खाडी, त्यावरून पडलं म्हणतात, पण पंडितांचं भांडण अजून मिटलं न्हाई."

"मग बाई, ते सोताला काय म्हणायचे?" मागच्या बाकावरून सिंधूनं विचारलं.

"आपापल्या गावाचं, खोऱ्याचं नाव सांगायचे. पण त्यांना इचारतंय कोण? बखरी लिहिणारे दुसरे, त्यांनी ठेवली ती नावं."

बोलून गेल्या, आणि तेच वाक्य बाईंच्या डोक्यात घोळत राहिलं.

दुपारी बाईंच्या वस्तीवर टँकर आला. पाणी सोडायच्या आधी वस्तीतल्या कुणीतरी खेपेच्या कागदावर सही करायची. सही न्हाई तर ड्रायव्हरची खेप धरत न्हाईत. महिनाभर बाईंनी न वाचता सह्या ठोकल्या होत्या. आज वाचलं. वस्तीच्या नावापुढं छापलं होतं, महारवाडा. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, तक्षशिलानगर नाव ठेवलं, त्याला सत्तावीस वर्षं होत आली होती!

"भुजंगराव, ही आमची वस्ती न्हाई."

"बाई, सगळं गाव हेच म्हणतंय की," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या हातात काय हाय?"

"गावाला इचारून आमी आमचं नाव सांगायचं व्हय?"

घागर घेऊन उभी असलेली त्यांची आई पंचफुला कडाडली, "नावानं तहान भागती का गं? कर की सही! लेकरं तडफडायलीत."

बाईंना लेकरं दिसत होतीच. पण त्यांनी पेन काढलं, छापलेलं नाव खोडलं, वर तक्षशिलानगर लिहिलं आणि मग सही केली.

"कचेरीतले साहेब फाडतील हो कागद."

"फाडू द्या. उद्या परत लिहीन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच छापून आलं, बाईंनी पुन्हा खोडलं. साहेबांनी बोलावून दम दिला, टँकर बंद करीन म्हणाले. बाई म्हणाल्या, "करा. फक्त का बंद केला ते लेखी द्या." साहेबांनी काही दिलं न्हाई. महिनाभर रोज हेच चाललं आणि रोज आईची कटकट.

एके दिवशी शाळेतून निघायला उशीर झाला. बाई धापा टाकत आल्या तर पाणी वाटणं चाललेलं. आईनं अंगठा दिलाच शेवटी! संतापानं त्यांनी भुजंगच्या हातातून कागद ओढला.

सहीची जागा कोरी होती. पंचफुलाला अक्षर येत नव्हतं, पण लेक रोज कुठं रेघ मारते ते तिनं बघितलं होतं. त्या छापील नावावर तिचा अंगठा काळाभोर उमटला होता, खालचं एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

"म्हातारी म्हणली," भुजंग म्हणाला, "अंगठा लागंल तर हितंच लागंल, न्हाईतर टँकर घेऊन जा."