विचारून-या बाई

आमच्या बाईंनी तीन वर्षांत एकाही शब्दाचा अर्थ स्वतःहून सांगितला नाही. अर्थ विचारला की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "विचारून या." म्हणून त्यांचं नाव पडलं विचारून-या बाई. रोह्यातल्या आमच्या लहानशा कॉलेजात, बायबल अभ्यासाच्या पदवीच्या वर्गात, आम्ही नऊ जण. त्या आम्हाला बायबलच्या जुन्या भाषा शिकवायच्या.

पहिल्याच आठवड्यात खमिराचा दृष्टान्त निघाला. चिमूटभर खमिरानं सगळं पीठ फुगतं म्हणजे नेमकं काय होतं? बाई म्हणाल्या, "बाजारात बेकरी आहे. विचारून या." आम्ही वह्या घेऊन भट्टीपाशी रांगेत उभे राहिलो. बेकरीवाल्या चाचांना वाटलं, तपासणीवाले आले. खरं कळल्यावर ते पोट धरून हसले. "तुमच्या परीक्षेला पाव येतो? मंग पयलेच सांगायचं ना!" पीठ झाकून ठेवायचं, सारखं उघडून बघायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खाली चाचांचं नाव, एखाद्या ग्रंथाचं लिहावं तसं.

बाई पेणच्या खाडीकडच्या, मिठागरात काम करणाऱ्या घरातल्या. रोज सकाळच्या गाडीनं रोह्याला यायच्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. "लहानपणी मिठानं पाय सोलून निघायचे. आता त्यांचे लाड करते," म्हणायच्या. वर्गात त्यांची भाषा घोटीव, पण कुणी पेंगलं की एकदम खाडी बाहेर यायची. "काय रं, भरती यायची वाट बघतोस काय?"

सर्वनामांवर त्यांचा फार जीव. "इंग्रजीतल्या 'यू'ला काही कळत नाही. राजालाही यू, त्याच्या कुत्र्यालाही यू. ग्रीकमध्ये एकाला वेगळा शब्द, अनेकांना वेगळा. आणि आपल्याकडे तर तू, तुम्ही, आपण. माणूस समोरच्याला काय म्हणतो तिकडे कान ठेवा. अर्धं मन तिथेच कळतं."

आता माझं थोडं सांगायला हवं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. फॉर्म भरताना विचारायला कुणी नव्हतं. 'आईचा व्यवसाय' या रकान्यापाशी मी अडलो. आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती, पण राहतो जोह्यात, आणि जोह्यात घरोघरी गणपती तयार होतात. माझी आई तिथल्या एका कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. गावात याचं कुणाला काही वाटत नाही. पण बायबलच्या कॉलेजात वाटेल, कदाचित मला घरी पाठवतील, अशी मला भीती. मी लिहिलं, 'रंगकाम'. खोटं नव्हतं. म्हणजे, तसं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या वर्षी होस्टेलचे वॉर्डन सर म्हणाले, "अरे, तुझी आई रंगकाम करते ना? आपल्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवून देईल का?"

मी घाईत म्हणालो, "सर, तिला उंचीची भीती वाटते."

पुढे आठवडाभर मेसमध्ये माझ्या आईच्या भीतीसाठी रोज प्रार्थना झाली. मीही मान खाली घालून 'आमेन' म्हटलं.

मग जुन्या करारातला कुंभाराचा उतारा आला. चाकावर बिघडलेल्या भांड्याच्या मातीतून कुंभार दुसरं भांडं घडवतो. वर्गात कुणीतरी विचारलं, "ओली माती ठीक आहे. पण वाळून कडक झाली असेल तर?" उत्तर मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी वहीत रेघा मारत बसलो.

"शनिवारी जोह्याला जाऊ," बाई म्हणाल्या. "सगळे."

जोह्यात कारखाने पुष्कळ. पण नाक्यावर कुणीतरी सांगितलं, मातीचं विचारायचं तर आखणीवालीला विचारा, आणि बाई थेट माझ्या आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आईनं मान वर केली. नऊ जणांत तिला मी दिसलो. मी खाली बघत राहिलो. तिनं ब्रश पाण्यात ठेवला.

"या रं पोरांनो. तू हितं बस. तू जरा तिकडं सरक, रंग लागंल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी पण बसा."

बाईंनी प्रश्न विचारला. आई म्हणाली, "शाडू किती बी वाळू दे, पाण्यात टाकली का परत माती व्हते. प्लास्टरचं तसं नाय. ते एकदा कडक झालं का गेलं."

"बाई, आम्ही शाडू की प्लास्टर?" एकानं विचारलं.

"तू अजून पाण्यातच आहेस," बाई म्हणाल्या. सगळे हसले, आईसुद्धा. मग चहा आला. माझ्या हातात कप देताना ती म्हणाली, "घ्या."

परतीच्या एसटीत बाई माझ्या शेजारी बसल्या. गाडी गावाबाहेर पडली. मग हळूच म्हणाल्या, "त्यांनी आठ जणांना 'तू' म्हटलं. एकालाच 'तुमी'. का रे?"

"माझी आई आहे ती," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढे वाकून कंडक्टरला ओरडल्या, "ओ, थांबवा! एक उतरणार आहे!"

मी चालत मागे गेलो. आई एका मूर्तीसमोर बसली होती. "आई," मी म्हणालो.

"थांब. डोळा चाललाय." तो पुरा करून तिनं ब्रश ठेवला. "तुला कालेजातून काडतील म्हून गप ऱ्हायले. काडलं काय?"

"नाय."

"मंग रडतोस कशाला?"

सोमवारी वर्गात उभं राहून मी सगळं सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. दोघांनी काही प्रश्न विचारले. घरी मात्र कुणी पाठवलं नाही. वॉर्डन सरांनी एवढंच विचारलं, "म्हणजे उंचीची भीती वगैरे काही नाही?"

त्यानंतर बाई सुट्टीच्या दिवशी अधूनमधून जोह्याला जाऊ लागल्या. मला न सांगता. आईकडूनच कळायचं.

यंदा त्या निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे नागपूरला राहायला गेल्या. जाण्याआधी आईला भेटायला आल्या, तेव्हा मी घरीच होतो. आम्ही दोघं त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो. पायरीवर पांढरा बूट ठेवून बाई वळल्या. "येते गो."

"ये गो, बाय," आई म्हणाली.

एसटी वळणापलीकडे गेली तरी आई तिथेच उभी. मग पदरानं हाताचा रंग पुसत म्हणाली, "नागपूरला खाडी नाय ना रं? करमंल का तिला?"