उपवासाच्या दिवशीची गोळी
कॅलेंडरवर संकष्टी दिसली, की मला बाबांचा घामाने भिजलेला शर्ट आठवतो. मी तेव्हा आठवीत होते. धायरीच्या नव्या फ्लॅटमध्ये बाबांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंतचा उपवासही धरला. दुपारी चारला ते खुर्चीत थरथरायला लागले आणि मलाच म्हणाले, "आपण कोण? कुणाकडे आलात?" गोळीच्या खोक्यातला इंग्रजी कागद घरात मी एकटीनेच वाचला होता. उपाशीपोटी साखर फार उतरू शकते, लगेच गोड द्यावं, असं त्यात होतं. मी साखरेचा डबा घेऊन धावले, तर आईने तो हिसकावला. "अगं, डायबेटीस आहे त्यांना! मारतेस का बापाला?" मी पुटपुटले, "लो शुगर..." "लो कसली? वाढलीये म्हणूनच गोळ्या चालू आहेत ना!" मी मागे सरकले. बाबांची मान कलायला लागली, तेव्हा आईने डॉक्टरांना फोन लावला, ऐकलं, आणि पाण्यात साखर कालवून त्यांना पाजली. बाबा वाचले. आता मी दिवसभर ऑफिसच्या कॉलवर परक्या माणसांना न अडखळता समजावत असते. पण त्या दुपारी आईपुढे मी पुन्हा तोंड का उघडलं नाही, हे मला अजून स्वतःला समजावता येत नाही.