गयाआक्काची मागची भिंत

धरणात गाळ कुणी आणून टाकत नाही. पाणी येतं, थांबतं, निघून जातं. गाळ मागं राहतो. बांधावरच्या गोष्टींचंही तसंच झालंय बघा. मी काही त्या जमवल्या नाहीत. मी बोलतोय, नात लिहून घेतीये, आणि एक काढली की खालून दुसरी वर येतीये.

चाकणच्या पलीकडं आमचं गाव. आता शिवाराला कंपन्यांचे पत्रे भिडलेत, पण तेव्हा नुसती ज्वारी आणि ओढा. स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. ओढ्याला लोंढा यायचा आणि खालची आळी धुऊन न्यायचा, म्हणून सरकारनं वर मातीचा बांध घातला. त्याच्या राखणीला आम्ही पाच जण. शाळा पाचांपैकी कुणी पाहिली नव्हती. शिदबा आमचा मुकादम.

*

शिदबाचा नियम एकच. बांधावर पायात काही घालायचं नाही. ओल डोळ्याला उशिरा दिसते, तळव्याला आधी कळते, असं तो म्हणायचा. सकाळ-संध्याकाळ आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचो.

नवा ओव्हरसियर आला कोकणातून. कोवळा पोरगा, बूट करकरीत. शिदबानं हात जोडले.

"सायेब, तेवढं पायातलं काढा."

"मुकादम, मी बांधकाम शिकून आलोय."

"तुमी शिकलायसा. बूट न्हाईत शिकले."

साहेबानं काढले बिचाऱ्यानं. पहिल्या दिवशी दोन्ही तळव्यांत सराट्याचे काटे. चौथ्या दिवशी चालता चालता मध्येच थांबला आणि म्हणाला, "मुकादम, इथं जरा गार लागतंय."

शिदबा आमच्याकडं वळला. "शिकला गड्या सायेब."

*

जादा पाणी निघून जातं त्या सांडव्याजवळ एक दगडी खांब होता. पाणी किती चढलं ते कळायला त्यावर आकडे रंगवलेले. आम्हाला आकडे कुठले येतात? उन्हाळ्यात तिथं कोरडं असताना शिदबा खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि आमच्याकडून गेरूच्या खुणा करून घेतल्या. घोटा, गुडघा, कंबर, छाती. छातीला पाणी लागलं की बांध भरत आला म्हणायचं.

एकदा पुण्याहून मोठे साहेब जीपमधून आले. समोर मीच सापडलो.

"पाणी किती आहे?"

"कमरेला, सायेब."

"कुणाच्या कमरेला?"

"मुकादमाच्या."

मोठ्या साहेबांनी ओव्हरसियरकडं पाहिलं. त्यानं गुपचूप वही पुढं केली. पहिल्याच पानावर त्यानं शिदबाला टेपनं मोजून लिहून ठेवलं होतं. कंबर म्हणजे किती फूट, छाती म्हणजे किती. मोठे साहेब बराच वेळ ते पान वाचत राहिले. मग शिदबाला म्हणाले, "आणि डोक्यावरून गेलं तर?"

"मग सांगावा द्यायला मी नसतोय सायेब. त्याच्या आदी पळा."

*

मातीचा बांध थोडा घाम गाळतोच. पायथ्याला पाणी पाझरतं. ते नितळ असलं तर भिण्याचं कारण नाही. गढूळ आलं, तर बांध पोटातली माती सोडतोय असं समजायचं. म्हणून रोज पितळी तांब्यात ते पाणी धरायचं आणि तळ दिसतो का बघायचं. हे काम माझं.

एके दिवशी तळ दिसेना. मी बोंब ठोकली. खालची आळी कोंबड्या, पाळणे, दळायची जाती घेऊन टेकडीवर चढली. ओव्हरसियर चाकणहून सायकल मारत, घामानं निथळत आला. शिदबा शांतपणे पाझराच्या कडेनं वर गेला. पाणी निघतं ती जागा आणि मी तांब्या भरला ती जागा, यांच्या मध्ये पाटलाची म्हैस बसली होती.

ओव्हरसियर तापला. "म्हशीपायी पळवलंत मला?"

"म्हस निघाली म्हून वाईट वाटतंय व्हय, सायेब?" शिदबा म्हणाला. "दुसरं काय निघायला पायजे हुतं?"

त्यानंतर वर्षभर मला रोज विचारायचे, "तांब्या भरला का? आन् म्हस उठवली का?"

*

आता गयाआक्का. शिदबाची थोरली बहीण, नवरा गेलेला. आम्हा पाचांच्या भाकरी ती आणायची. बांधाच्या खाली पहिलं घर तिचंच. त्या घराची मागची भिंत बांधाकडं होती, जाड दगडांची, तिला खिडकी सोडाच, कोनाडासुद्धा नव्हता.

मी एकदा म्हणालो, "आक्का, मागं एक खिडकी पाड की. वारा येईल."

"वारा यील, आन् बांध बी दिसंल. लोंढ्यात माझी सासू गेली, दोन शेरडं गेली. आता तेच पानी तुमी डोक्यावर बांधून ठिवलंय. ते बघत बसू व्हय रे मी?"

भाकरी घेऊन आली तरी ती पायथ्याशी थांबायची आणि मान वर न करता बांधाचं विचारायची, "हाय का?"

वरून शिदबा म्हणायचा, "हाय."

बहीण-भावाचं दिवसभराचं बोलणं एवढंच.

*

बांधाच्या उतारावर वारूळ वाढलं. नागपंचमीला बाया तिथंच पूजेला यायच्या. ओव्हरसियर म्हणाला, बांधाला भोक म्हणजे पाण्याला वाट, हे काढा. कुदळ उचलायला कुणी तयार होईना.

शिदबानं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि वारुळापुढं बसून म्हणाला, "देवा, हितं पान्याचं भ्या हाय. तुमाला लिंबाखाली जागा बघितलीया." मग वारुळाची घमेलंभर माती लिंबाखाली नेऊन ठेवली.

आक्कानं विचारलं, "नाग व्हय म्हनला का?"

"न्हाई बी म्हनला न्हाई."

मग आम्ही वारूळ फोडलं. तोंडाशी काळी माती भरली आणि धुमसानं ठोकून मी ती घट्ट केली. आत भोक किती खोल गेलंय, ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

*

पुढच्या वर्षीची नागपंचमी. पाणी शिदबाच्या छातीला. त्या दिवशी आमच्याकडं खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. सकाळीच आक्कानं माझ्या हातातला विळा काढून घेतला होता.

मी तांब्या भरला. तळ दिसेना. आधी मी म्हैस शोधली. म्हैस नव्हती.

वर पाहिलं, तर बरोबर जुन्या वारुळाची जागा. मी बोंब ठोकली.

शिदबानं आळी टेकडीवर घालवली. ओव्हरसियर अनवाणी धावत उतरला. "बुजवू नका," म्हणाला, "दाबलं तर दुसरीकडून फुटेल. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आधी वाळू, मग खडी, आणि वर दगडांचं ओझं."

वाळू-खडीचे ढीग चौकीपाशी होते. आम्ही घमेली ओतली. दगड मात्र नव्हते. खाण लांब, बैलगाडीला दिवस मावळला असता, आणि तिथंही पहार घालून खणूनच काढायचे. पहार समोर पडली होती. हात कुणाचा पुढं होईना. मी शिदबाकडं पाहिलं. शिदबानं आक्काकडं पाहिलं.

आक्का टेकडीवर गेलीच नव्हती. पुरणाच्या उकडलेल्या दिंडांचं टोपलं घेऊन उभी होती.

"किती लागत्याल दगड?"

साहेब म्हणाला, "एक भिंत होईल एवढे."

आक्कानं टोपलं खाली ठेवलं. "आज खनायचं न्हाई. रचलेलं उतरवायला कुनाची ना न्हाई."

गेली, आणि घराच्या मागच्या भिंतीचा पहिला दगड तिनं स्वतः उतरवला. छप्पर लाकडी मेढींवर होतं, ते राहिलं. टेकडीवरून माणसं हे बघत होती. एकेक करून खाली आली. तिच्या घरापासून बांधापर्यंत रांग लागली आणि दगड हातोहात चालले. दुपारी तांब्याचा तळ अंधूक दिसला. दिवस मावळायच्या आत लख्ख दिसला. ओव्हरसियर ते पाणी पिऊन टाकून खालीच बसला.

सगळा पावसाळा आक्कानं तिथं गोणपाट लावून काढला. उघाड पडल्यावर आम्ही पाचही जण दगडांची गाडी घेऊन गेलो. साहेब ओळंबा घेऊन आला. आक्का आत तांदूळ निवडत होती. गोणपाट काढून घडी घालून ठेवलेलं.

"भिंत ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "वारा बरा येतोय."

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन आली. शिदबानं सवयीनं वरून सांगितलं, "हाय."

"ठावं हाय," आक्का म्हणाली. "बघूनच निघालीया."